लसावि, मसावि आणि शेवटचा 'वि'

निळी_शाई

नमस्कार. मुलीच्या गणितावरून एक प्रश्न पडला आहे, तो इथे मांडते. जरा सविस्तर लिहिते, कारण चूक नेमकी कुठे होते आहे तेच मला हवं आहे.

मुलगी सहावीत आहे. पाढे चांगले पाठ आहेत, भागाकार बिनचूक करते. परवा तिला १२ आणि १८ चा लसावि विचारला, तर तिने ६ सांगितला. पुन्हा विचार कर म्हटलं, तरी ६ च. कारण विचारलं तर म्हणाली, "लघुतम म्हणजे सगळ्यात लहान ना? मग लसावि लहान असणार आणि मसावि मोठा." मला लगेच काही उत्तर सुचलं नाही. शब्दाकडे बघितलं तर तिचं म्हणणं सरळ आहे.

दुसरी गोष्ट याहून अवघड. १२, १८ आणि २० चा लसावि तिने तीन वेगवेगळ्या वेळी काढला. एकदा १०८० आला, एकदा ३६० आणि एकदा २१६०. पुस्तकात उत्तर १८० आहे. तिन्ही उत्तरांना १२, १८ आणि २० ने भाग जातो की नाही हे तिने स्वतः तपासून पाहिलं, तो जातो. आता ती विचारते, "भाग जातोय तर मग चुकलं काय?"

"लहान हवं होतं" एवढं मी सांगितलं. पण आपण सर्वात लहानापर्यंत पोहोचलो की नाही हे तिने ओळखायचं कसं? उत्तर बघितल्याशिवाय ओळखता येतं का?

---

खडू_आणि_फळा

तुमच्या मुलीने दिलेलं कारण मी वर्गात अनेकदा ऐकलं आहे. ज्या मुलांना शब्दांचा अर्थ कळतो तीच इथे अडतात, त्यामुळे तिला हुशारच म्हणेन.

लसावि म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य आणि मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक. दोन्ही लघुरूपं 'वि'वर संपतात, पण हे दोन 'वि' वेगळे आहेत. एक विभाज्य, दुसरा विभाजक. सगळा अर्थ त्या शेवटच्या शब्दात असतो आणि आपण नेमका तोच छाटून एका अक्षराचा करून टाकला आहे. मग मुलांच्या हाती उरतात फक्त 'ल' आणि 'म', म्हणजे लहान आणि मोठा.

मी मुलांना हे नाव शेवटून वाचायला लावतो.

आधी विभाज्य. १२ चे विभाज्य म्हणजे १२ ने ज्यांना पूर्ण भाग जातो त्या संख्या: १२, २४, ३६, ४८... ही रांग संपत नाही, आणि ती १२ पासून सुरू होते, त्याच्या खाली येत नाही.
मग सामाईक. १२ ची रांग आणि १८ ची रांग, दोन्हींत सापडणाऱ्या संख्या: ३६, ७२, १०८...
शेवटी लघुतम. त्यातली पहिली, ३६.

मसाविचंही असंच. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२. ही रांग १२ ला संपते. १८ चे विभाजक १, २, ३, ६, ९, १८. सामाईक १, २, ३, ६. त्यातला महत्तम ६.

विभाज्य संख्येहून लहान नसतात आणि विभाजक संख्येहून मोठे नसतात. न संपणाऱ्या रांगेतला सर्वात मोठा मागण्यात अर्थ नाही, म्हणून विभाज्यांत लघुतम विचारतात. विभाजकांत सर्वात लहान नेहमी १ च असतो, तो विचारून नवं काही कळत नाही, म्हणून तिथे महत्तम. एवढं पटलं की ल आणि म ची अदलाबदल थांबते, असा माझा अनुभव आहे. निदान काही महिने तरी मुलांना पूर्ण नाव लिहायला लावा.

---

पाणवठा

दोन 'वि' वेगळे आहेत हे मला आज कळलं! शाळेत 'लसावि मोठा, मसावि छोटा, नावाच्या उलट' असं पाठ केलं होतं. मार्क मिळाले, अर्थ राहून गेला.

---

उभी_रेघ

मागच्या पोस्टमध्ये रांगांचा विषय आला आहे, त्यात एक भर.

आपल्याकडे पाढा दहाला थांबतो. त्यामुळे मुलाच्या मनात विभाज्यांची रांगही दहाव्या संख्येला थांबते. तुमच्याच उदाहरणात बघा. १८ च्या पाढ्यात १८० आहे, अगदी शेवटी. २० च्या पाढ्यात नवव्या जागी आहे. पण १२ चा पाढा १२० ला संपतो आणि १८० ही १२ ची पंधरावी पट आहे. पाठ असलेल्या पाढ्यांत शोधणाऱ्या मुलाला १८० सापडूच शकत नाही! मग ते शोधणं सोडतं आणि अर्धवट आठवणाऱ्या एखाद्या रीतीकडे वळतं. १०८० आणि २१६० अशा उत्तरांची सुरुवात बहुधा तिथेच होत असावी.

माझा उपाय साधा आहे. तिन्ही रांगा लिहायच्या नाहीत. सर्वांत मोठ्या संख्येची एकच रांग घ्यायची, इथे २० ची, आणि प्रत्येक ठिकाणी बाकीच्या दोघांना विचारायचं, भाग जातो का?

२०, ४०: दोन्हींत १२ ने भाग जात नाही. ६०: १२ ने जातो, १८ ने नाही. ८०, १००: नाही. १२०: १२ ने जातो, १८ ने नाही. १४०, १६०: नाही. १८०: दोघांनीही जातो.

नऊ पायऱ्यांत काम झालं. शिवाय वाटेत मुलाला दिसतं की १२ आणि २० दर ६० ला भेटतात. मग पुढच्या वेळी ते आपोआप ६०, १२०, १८० अशा उड्या मारू लागतं. हे मी सांगत नाही, त्यांना दिसू देतो. त्या क्षणी मूल दोन संख्यांचा लसावि काढून मग तिसरीकडे जाण्याची रीत स्वतः शोधत असतं.

---

दहावा_घात

तिच्या तीन उत्तरांकडे बघू, कारण प्रत्येकात एक वेगळी चूक आहे आणि तिन्ही नेहमीच्या आहेत.

१०८०. उभ्या मांडणीत तिने २ ने भाग दिला असणार: ६, ९, १०. आता तिघांनाही भागणारी संख्या नाही, म्हणून ती थांबली आणि २ × ६ × ९ × १० केलं. तिघांना भाग जात नाही म्हणून थांबणं ही मसाविची अट आहे. लसावि काढताना निदान दोघांना भाग जात असेल तोवर पुढे जायचं, ज्याला जात नाही तो तसाच खाली उतरवायचा. ६, ९, १० ला पुन्हा २: ३, ९, ५. मग ३: १, ३, ५. आता कोणत्याच दोघांत काही सामाईक नाही. २ × २ × ३ × १ × ३ × ५ = १८०.

३६०. इथे तिने पहिलाच भाग ६ ने दिला असावा. १२ चे २, १८ चे ३, आणि २० ला ६ ने जात नाही म्हणून २० तसेच. मग २ ने: १, ३, १०. ६ × २ × ३ × १० = ३६०. ६ मध्ये एक २ लपलेला आहे. तो २० मध्येही होता, पण ६ ने भागताना २० मधून तो निघाला नाही आणि शेवटी दोनदा मोजला गेला. सर्वांना भाग जात असेल तर संयुक्त संख्येने भागलं तरी बिघडत नाही. काहींनाच जात असेल तर मूळ संख्येनेच भागायचं.

२१६०. गुणाकार भागिले मसावि. १२ × १८ × २० = ४३२०, मसावि २, म्हणून २१६०. 'लसावि × मसावि = संख्यांचा गुणाकार' हा नियम दोन संख्यांसाठी आहे. तीन संख्यांना तो तसाच लावता येत नाही.

---

खडू_आणि_फळा

तिसऱ्या मुद्द्याचं कारणही मुलांना सांगता येतं, आणि ते सांगावंच. नाहीतर 'दोनला चालतो, तीनला नाही' हा पाठ करायचा आणखी एक नियम होतो.

मूळ अवयव पाडा:
१२ = २ × २ × ३
१८ = २ × ३ × ३
२० = २ × २ × ५

लसावि काढणं म्हणजे सर्वांच्या मागण्या पुऱ्या करणं. २ ची सर्वांत जास्त मागणी दोनदा आहे, ३ ची दोनदा, ५ ची एकदा. जास्त मागणाऱ्याला दिलं की कमी मागणाऱ्याचं आपोआप भागतं. म्हणून २ × २ × ३ × ३ × ५ = १८०. मसावि म्हणजे सर्वांकडे असलेलंच घेणं, म्हणून प्रत्येक अवयव कमीत कमी जितक्या वेळा आहे तितकाच: एक २, बस.

दोनच संख्या असतील तर प्रत्येक मूळ अवयवाच्या दोनच मोजण्या असतात. मोठी लसाविकडे जाते, लहान मसाविकडे. काही उरत नाही, म्हणून दोघांचा गुणाकार मूळ गुणाकाराइतकाच येतो. तीन संख्या असल्या की मधली मोजणी कुठेच जात नाही. इथे २ च्या मोजण्या २, १, २, मधली २ उरली. ३ च्या मोजण्या १, २, ०, मधली १ उरली. ५ च्या ०, ०, १, मधली ०. म्हणजे २ × २ × ३ = १२ वाऱ्यावर राहिले. आणि २१६० हे १८० च्या बरोबर १२ पट आहेत.

---

सरळव्याज

सगळ्यांचं पटतं आहे. तरी एक वेगळं मत मांडतो. परीक्षेत वेळ मोजका असतो. मुलाला उभी मांडणी हातात पक्की बसवून द्या, अर्थ नंतर येतो. आम्ही तसंच शिकलो आणि पुढे अडलं नाही. रांगा लिहीत बसलेलं मूल पेपर पुरा करू शकत नाही.

---

उभी_रेघ

रांगा पेपरात लिहाव्यात असं मीही म्हणणार नाही. पण याच मुलीचं उदाहरण बघा. तिला उभी मांडणी येते, भागाकार बिनचूक आहेत, तरी उत्तर १०८० आलं. हात पक्का होता, कुठे थांबायचं ते माहीत नव्हतं. लसावि म्हणजे काय हे माहीत असलं तरच थांबण्याची जागा कळते. आठ-दहा उदाहरणं रांगेने, मग मांडणी, एवढाच माझा आग्रह आहे. त्यात फार तर दोन संध्याकाळी जातील.

---

पाऊलखुणा

मूळ प्रश्न बाजूला पडतोय, म्हणून लिहिते: उत्तर न बघता ओळखायचं कसं? ओळखता येतं, आणि फार सोप्या रीतीने.

आलेल्या उत्तराला दिलेल्या प्रत्येक संख्येने भागा. जे भागाकार येतील त्या सर्वांना मिळून १ खेरीज दुसऱ्या कशाने भाग जात असेल, तर उत्तर तेवढ्या पटीने मोठं आहे.

१०८० घ्या. १२ ने भागून ९०, १८ ने ६०, २० ने ५४. ९०, ६०, ५४ चा मसावि ६. म्हणजे उत्तर सहापट मोठं आलं. १०८० ÷ ६ = १८०.
३६० घ्या. ३०, २०, १८. मसावि २. ३६० ÷ २ = १८०.
२१६० घ्या. १८०, १२०, १०८. मसावि १२. २१६० ÷ १२ = १८०.
१८० घ्या. १५, १०, ९. १५ आणि १० मध्ये ५ सामाईक आहे, पण ९ मध्ये तो नाही. तिघांत मिळून काहीच नाही. पोहोचलो.

तिन्ही चुकीची उत्तरं न खोडता दुरुस्त होतात, हे मला यात सगळ्यात आवडतं. 'चूक' असा शेरा मारण्याऐवजी मूल स्वतः सांगू शकतं, की माझं उत्तर सहापट झालं आहे. तिने तीनदा केलेली मेहनत वाया गेली नाही, हे तिला नक्की दाखवा.

---

दहावा_घात

ही तपासणी का चालते तेही लिहून ठेवतो, कोणाला हवं असेल तर.

प्रत्येक सामाईक विभाज्य हा लसाविचा विभाज्य असतोच. समजा एखाद्या सामाईक विभाज्याला लसाविने भागलं आणि बाकी उरली. त्या सामाईक विभाज्याला १२ ने भाग जातो, वजा केलेल्या लसाविच्या पटीलाही १२ ने भाग जातो, म्हणून बाकीलाही १२ ने जाणार. तसाच १८ ने आणि २० नेही. म्हणजे ती बाकी स्वतःच सामाईक विभाज्य झाली, आणि बाकी तर लसाविहून लहान असते. लसाविहून लहान सामाईक विभाज्य असू शकत नाही. म्हणून बाकी शून्यच.

त्यामुळे चुकलेलं मोठं उत्तर नेहमी लसाविची पूर्ण पट असतं आणि ती पट तिन्ही भागाकारांत शिरलेली असते.

---

पाणवठा

बाकी शून्य वरून आठवलं. शून्यालाही १२, १८, २० ने भाग जातो ना? मग सर्वांत लहान सामाईक विभाज्य ० का नाही? भाचा विचारतो आहे आणि तो हट्टाला पेटला आहे.

---

खडू_आणि_फळा

त्याचं म्हणणं खरं आहे. ० × १२ = ०, म्हणून ० हा प्रत्येक संख्येचा विभाज्य आहे. तो धरला तर कोणत्याही संख्यांचा लसावि ० च येईल आणि मग त्यातून काहीच कळणार नाही. म्हणून व्याख्येतच 'शून्याहून मोठा' अशी अट असते. आपण रांग १२ × १ पासून सुरू करतो तेव्हा ती अट न बोलता पाळलेली असते. भाच्याला सांगा, ती अट त्याने शोधून काढली.

---

सायंतारा

शाब्दिक उदाहरणांबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या मुलाला लसावि काढता येतो, मसावि काढता येतो, पण उदाहरण वाचून यातलं कोणतं काढायचं तेच कळत नाही. शिकवणीत 'एकाच वेळी आलं की लसावि, जास्तीत जास्त आलं की मसावि' असं सांगितलं आहे. काही वेळा चालतं, काही वेळा फसतं.

---

पाऊलखुणा

शब्दांवरून ओळखण्याची रीत फसणारच, कारण उदाहरण लिहिणारा शब्द बदलू शकतो. त्याऐवजी मुलाला एकच विचारा: तुला हवी असलेली संख्या दिलेल्या संख्यांनी भागली जाणार आहे, की ती दिलेल्या संख्यांना भागणार आहे?

तीन घंटा दर १२, १८ आणि २० मिनिटांनी वाजतात. सकाळी ८ वाजता एकत्र वाजल्या, पुन्हा एकत्र कधी? हव्या असलेल्या मिनिटांत १२ मिनिटांचे पूर्ण फेरे बसले पाहिजेत, १८ चे आणि २० चेही. म्हणजे ती मिनिटं भागली जाणार. लसावि १८० मिनिटं, ११ वाजता.

१२ मीटर, १८ मीटर आणि २० मीटरच्या दोऱ्यांचे काही न उरता सारख्या लांबीचे तुकडे करायचे आहेत, तुकडा जास्तीत जास्त केवढा? आता तुकड्याची लांबी त्या तिन्ही संख्यांना भागणार. मसावि, २ मीटर.

घंटांच्या उदाहरणात आणखी एक खाच आहे. 'सकाळी ८ पासून रात्री ८ पर्यंत किती वेळा एकत्र वाजतील?' १२ तास म्हणजे ७२० मिनिटं, ७२० ÷ १८० = ४, आणि मुलं ४ लिहून मोकळी होतात. ८, ११, २, ५, ८. पाच वेळा. पहिली ८ ची वेळ मोजायची राहते.

---

निळी_शाई

किती मनापासून लिहिता आहात सगळे. काल मुलीसोबत सगळा धागा वाचला. भागाकारांची तपासणी तिने तिन्ही उत्तरांवर करून पाहिली आणि वहीत १०८० च्या खाली 'सहापट' असं लिहून ठेवलं.

आज तिने बाकीचं उदाहरण काढलं: १२, १८ आणि २० ने भागल्यावर दर वेळी ५ बाकी उरते अशी लहानात लहान संख्या कोणती? पुस्तकाचं उत्तर १८५. ती म्हणते, ५ का नाही?

---

दहावा_घात

तिचं बरोबर आहे. ५ ला १२ ने भागलं तर भाग ० आणि बाकी ५. १८ आणि २० नेही तसंच. उदाहरणात 'भाजकांपेक्षा मोठी' असं लिहायला हवं होतं. मग ती संख्या १८० + ५ = १८५. पेपरात अपेक्षित उत्तर १८५ च असतं, तेवढं तिला सांगून ठेवा. पण तिने वाचलेलं चूक ठरवू नका.

तिला आता हे द्या. १२ ने भागल्यावर बाकी ७, १८ ने भागल्यावर १३, २० ने भागल्यावर १५. लहानात लहान संख्या? बाक्या वेगवेगळ्या दिसतात, पण प्रत्येक ठिकाणी पूर्ण भाग जायला ५ च कमी पडतात. म्हणून १८० − ५ = १७५. तिला 'उरले किती' ऐवजी 'कमी किती' असं बघू द्या.

---

सरळव्याज

वर मी मांडणीच्या बाजूने लिहिलं होतं. तरी अर्थाचा उपयोग कुठे होतो याचं एक उदाहरण माझ्याकडेही आहे: अपूर्णांकांची बेरीज. लसाविची खरी गरज मुलांना तिथेच पडते.

५/१२ + ७/१८. छेदांचा गुणाकार करून समच्छेद केले तर ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६, मग ६ ने संक्षेप देऊन २९/३६. लसावि घेतला तर १५/३६ + १४/३६ = २९/३६. दोन्ही रीती बरोबर आहेत. लसावि घेतलाच पाहिजे असा नियम नाही, तो श्रम वाचवतो.

पण 'लसावि घेतला म्हणजे संक्षेप द्यावा लागत नाही' असंही मुलांना वाटू देऊ नये. १/१२ + १/१८ + १/२० = १५/१८० + १०/१८० + ९/१८० = ३४/१८०, म्हणजे १७/९०. लसावि घेऊनही शेवटी २ ने संक्षेप द्यावाच लागला.

---

पाऊलखुणा

अंशांत आलेले १५, १०, ९ बघा! वरच्या तपासणीतले भागाकार तेच. आता मुलीला समच्छेद करताना वेगळी तपासणी करायला नको, अंशांचे गुणक समोर येतातच.

---

उंच_झाड

गणितात मी सामान्य, पण निसर्गाची आवड आहे. लसावि प्रत्यक्षात घडताना बघायचा असेल तर अमेरिकेतल्या एका जातीच्या रातकिड्यासारख्या कीटकाबद्दल, सिकाडाबद्दल, मुलांना जरूर सांगा. त्यांची पिल्लं जमिनीखाली वाढतात. काही गट दर १३ वर्षांनी बाहेर येतात, काही दर १७ वर्षांनी. १३ आणि १७ मध्ये १ खेरीज सामाईक विभाजक नाही, म्हणून लसावि १३ × १७ = २२१. अशा दोन गटांची, तेराव्या आणि एकोणिसाव्या क्रमांकाच्या, वेळ २०२४ साली एकत्र आली. त्याआधी ती १८०३ साली आली होती. वजाबाकी मुलांना करू द्या.

---

उभी_रेघ

सुंदर उदाहरण. याच्या उलट बाजूचं एक देतो, जिथे सामाईक विभाजक असल्यामुळे भेट लवकर होते. माया संस्कृतीत दोन कालगणना एकत्र चालत, एक २६० दिवसांची आणि एक ३६५ दिवसांची. नुसता गुणाकार ९४,९००. पण दोन्हींत ५ सामाईक आहे, म्हणून दोन्ही चक्रं १८,९८० दिवसांनी जुळतात. म्हणजे ३६५ दिवसांची ५२ वर्षं, आणि २६० दिवसांचे ७३ फेरे.

यंत्रातल्या दातेरी चाकांतही हेच. १२ आणि १८ दात्यांची चाकं एकमेकांत बसवली तर ३६ दाते सरकले की पहिल्या खुणा पुन्हा समोर येतात: लहान चाकाचे ३ फेरे, मोठ्याचे २. दात्यांची झीज सारखी व्हावी म्हणून अनेकदा दात्यांच्या संख्या सहमूळ ठेवतात, म्हणजे १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या. मग प्रत्येक दात्याची गाठ समोरच्या प्रत्येक दात्याशी पडते.

---

सायंतारा

मोठ्या संख्यांसाठी काय करायचं? २२१ आणि २९९ आले होते. मुलगा २, ३, ५, ७ ने भागून बघत राहिला आणि म्हणाला, दोन्ही मूळ संख्या आहेत.

---

दहावा_घात

जिथे अवयव दिसत नाहीत तिथे भागाकाराच्या रीतीने आधी मसावि काढावा. २९९ ला २२१ ने भागा, बाकी ७८. २२१ ला ७८ ने, बाकी ६५. ७८ ला ६५ ने, बाकी १३. ६५ ला १३ ने पूर्ण भाग. मसावि १३. आता २२१ ÷ १३ = १७ आणि १७ × २९९ = ५०८३. आधी भाग द्यायचा, मग गुणायचं. आधी गुणाकार केला तर संख्या विनाकारण मोठ्या होतात.

ही रीत ग्रीक गणिती युक्लिडची, सुमारे इ.स.पू. ३०० मधली. त्याच्या 'एलिमेंट्स'च्या सातव्या भागात दोन संख्यांचा लसावि काढणं ३४ व्या विधानात आहे आणि तीन संख्यांचा ३६ व्यात. तीन संख्यांसाठी तोही आधी दोघांचा लसावि काढतो आणि मग तिसरी संख्या घेतो. उभी_रेघ यांच्या रांगेत मुलं ६०, १२०, १८० अशा उड्या मारतात, ती हीच वाट.

---

खडू_आणि_फळा

निळी_शाई, मुलगी आता तयार आहे असं वाटतं. तिला उलटा प्रश्न द्या: ज्यांचा लसावि ३६ आहे अशा दोन संख्यांच्या जोड्या किती? क्रम बदलला तरी जोडी एकच धरायची.

---

निळी_शाई

दिला. आधी ३६ ची जोडी ३६ च्या प्रत्येक विभाजकाशी लावून नऊ जोड्या झाल्या: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८ आणि खुद्द ३६. मग १२ आणि १८. मग ४ आणि ९. तिथे थांबली, अकरा म्हणाली.

मी काही न बोलता विचारलं, ४ आणि ९ का चालतात? म्हणाली, "४ कडे दोन २ आहेत, ९ कडे दोन ३ आहेत." मग थोडा वेळ गप्प. मग, "म्हणजे एकाकडे दोन २ हवेत आणि दुसऱ्याकडे दोन ३. जास्तीचं काही असलं तरी चालेल."

४ आणि १८. १२ आणि ९. तेरा.